दुसऱ्या इंजिनाचा हिशेब

दोन इंजिनं म्हणजे दुप्पट वेग, अशी समजूत असलेली माणसं मला वरचेवर भेटतात. विमानाभोवती एक चक्कर मारतात, दोन्ही प्रोपेलरकडे कौतुकानं पाहतात आणि विचारतात, "एका इंजिनवाल्याच्या दुप्पट पळत असेल ना हे?" त्यांचा विरस करणं जिवावर येतं, पण आकडे सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

बीचक्राफ्टची बोनान्झा ३६ आणि बॅरन ५८ ही दोन विमानं शेजारीशेजारी उभी करून बघावीत. केबिन जवळजवळ तीच, बसायच्या जागा सहाच. बोनान्झाचं एकुलतं एक इंजिन नाकात, बॅरनची दोन इंजिनं पंखांवर. नंतरच्या मॉडेलांत तर इंजिनही एकाच घराण्यातलं, कॉन्टिनेंटलचं ३०० अश्वशक्तीचं आयओ-५५०. बोनान्झा साधारण १७५ नॉटनं जातं, बॅरन साधारण २०० नॉटनं, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरनं. एक अख्खं जादा इंजिन, एक जादा प्रोपेलर, दुप्पट पेट्रोल, आणि पदरात काय पडलं, तर पंचवीस नॉट.

हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताकद दुप्पट केली तर वेग वाढतो तो दोनाच्या घनमुळाइतका, म्हणजे जेमतेम २६ टक्के. तोही विमानाचा आकार आणि वजन जसंच्या तसं राहिलं तर. दोन इंजिनांची दोन आवरणं हवेत उभी राहिली, वजन वाढलं, की त्या २६ टक्क्यांतले निम्मे वाटेतच गळून जातात. हे गणित मला विमान घेण्याआधीपासून माहीत होतं. तरी बॅरन घेतलं. भागीदारीत घेतलं, एवढाच काय तो शहाणपणा.

घेण्याचं कारण वेग नव्हता, असं मात्र मी म्हणणार नाही. पंचवीस नॉट कागदावर क्षुल्लक दिसतात. समोरून चाळीस नॉटचा वारा येत असला की एकशे पस्तीसचे एकशे साठ होतात, आणि तेव्हा ते क्षुल्लक वाटत नाहीत. पण खरं कारण रात्रीचं आणि पाण्याचं. खाली समुद्र दिसू लागला की एका इंजिनाचं विमान वेगळाच आवाज काढू लागतं, हे कुठल्याही वैमानिकाला विचारून बघा. इंजिनात काहीही बदललेलं नसतं, बदललेला असतो तो कान. मला तो कान नको होता.

आता त्या दुसऱ्या इंजिनानं सुरक्षितता किती मिळते, याचा हिशेब वेगाच्या हिशेबापेक्षाही विचित्र आहे. इंजिनं दोन झाली म्हणजे कुठलंतरी एक बंद पडण्याची शक्यता दुप्पट झाली. आणि एक बंद पडलं की अर्धी ताकद जाते, म्हणून अर्धी चढण जाईल असं वाटतं. तसं होत नाही. बॅरन ५८ दोन्ही इंजिनांवर मिनिटाला सुमारे १७०० फूट चढतं. एकावर चारशेच्याही आत, तेही इंजिनं आणि वैमानिक दोघंही पुस्तकातल्यासारखे वागले तर. म्हणजे ताकद निम्मी गेली आणि चढण तीनचतुर्थांशाहून जास्त गेली. विमान नुसतं हवेत टिकवायलाच बरीचशी ताकद खर्ची पडते. चढण मिळते ती उरलेल्या ताकदीतून, आणि बंद पडलेलं इंजिन नेमकी ती उरलेलीच घेऊन जातं. दिवस गरम असला, धावपट्टी उंचावर असली, सहाही जागा भरलेल्या असल्या, तर त्या चारशेतलंही फारसं शिल्लक राहत नाही.

या बाबतीत अमेरिकेतले जुने नियम वाचले की माणूस जरा सावरून बसतो. ६००० पौंडांच्या आतलं आणि ६१ नॉट किंवा त्याखाली स्टॉल होणारं, म्हणजे त्या वेगाला पंखांची उचल सुटणारं, दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर चढलंच पाहिजे, अशी अटच त्यांत नव्हती. किती चढतं किंवा किती उतरतं, ते मोजून लिहिलं की काम भागलं.

जाहिरातीचं चित्र अर्थातच वेगळं होतं. १९५० च्या सुमारास एअरो कमांडर या दोन इंजिनांच्या विमानाच्या कंपनीनं एका इंजिनाचा प्रोपेलर चक्क काढून केबिनमध्ये ठेवला आणि विमान ओक्लाहोमाहून वॉशिंग्टनपर्यंत एकाच इंजिनावर नेऊन दाखवलं, उड्डाणासकट. करामत खरीच होती. पण त्या वैमानिकाला कुठलं इंजिन नाही हे निघण्याआधी माहीत होतं, आणि बंद पडलेल्या प्रोपेलरचा अडथळाही नव्हता. तुम्हा-आम्हाला ते चाकं उचलता उचलता कळतं.

त्या क्षणी काय होतं ते सांगतो. चालू इंजिन एका बाजूनं ओढतं, बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्यानं फिरत राहून दुसऱ्या बाजूला ब्रेक लावतो, आणि नाक बंद इंजिनाकडे वळू लागतं. ते सरळ ठेवायला रडर, म्हणजे शेपटीवरचं पायांनी दाबायचं सुकाणू, लागतो, आणि रडरमध्ये जोर येतो तो वेगातून. एका ठराविक वेगाखाली पूर्ण दाबलेला रडरही पुरत नाही. एअरस्पीड इंडिकेटरवर त्या वेगाला लाल रेघ असते. तिच्या खाली जाऊन चालू इंजिनाची पूर्ण ताकद वापरत राहिलं तर विमान आडवं होऊन उलटू शकतं. तिच्या वर एक निळी रेघ असते, एका इंजिनावर सर्वांत चांगली चढण देणाऱ्या वेगाची. बॅरनमध्ये ती शंभर नॉटच्या जरा पुढे आहे. लाल आणि निळ्याच्या मधला पट्टा म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचा खरा धोका. दुसरं इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत व्यवस्थित पोहोचवतं, हा वैमानिकांचा जुना विनोद याच पट्ट्यात जन्मला असणार.

शिवाय दोन्ही इंजिनं सारखी महत्त्वाची नसतात. दोन्ही प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूनं पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असतील, तर नाक वर असताना खाली येणारं उजवं पातं जास्त हवा कापतं. त्यामुळे उजव्या इंजिनाची ओढ मधल्या रेषेपासून अधिक दूर पडते, आणि डावं बंद पडलं तर नाक अधिक जोरानं वळतं. पायपर सेनेकासारख्या विमानांत दोन्ही प्रोपेलर उलटसुलट फिरवून हा भेद मिटवला आहे. आमच्यात नाही. डावं इंजिन ही आमच्याकडची थोरली सून आहे, तिचं बिनसून चालत नाही.

म्हणून सराव. सिम्युलेटरवर, प्रशिक्षकाबरोबर, पुन्हा पुन्हा. सगळे लिव्हर पुढे, चाकं वर, फ्लॅप वर. जो पाय रिकामा आहे त्या बाजूचं इंजिन मेलेलं. त्याचा थ्रॉटल मागे ओढून खात्री करायची, मग प्रोपेलर फेदर. फेदर केलं की पाती वाऱ्याला धार दाखवून थांबतात आणि ब्रेक सुटतो. इथे एक बारकावा आहे, जो मला यंत्र म्हणून अतिशय आवडतो. या विमानांत इंजिनाच्या तेलाचा दाब पात्यांना सपाट करतो, आणि स्प्रिंग, वजनं आणि काही प्रोपेलरांत कोंडलेला नायट्रोजन त्यांना फेदरकडे ढकलत असतो. म्हणजे तेल गेलं तर पाती आपोआप सुरक्षित बाजूला जातात. पण मग रोज जमिनीवर इंजिन बंद केल्यावरही ती फेदर झाली असती. म्हणून आत खिट्ट्या असतात, फेरे मिनिटाला सुमारे ८०० च्या खाली गेले की अडकणाऱ्या. इंजिन जागच्या जागी अडकत चाललं असेल, तर फेरे तिथवर उतरायच्या आत लिव्हर ओढायला हवा. त्यानंतर पाती हलत नाहीत. या सगळ्या गोष्टी माहीत असणं हा मालकीचाच भाग आहे, असं मी मानतो. ज्याला नुसतं उडवायचं आहे त्यानं भाड्यानं घ्यावं.

मालकीचा दुसरा भाग हँगरमध्ये सुरू होतो. सिलिंडर बारा. प्रत्येकात स्पार्क प्लग दोन, म्हणजे चोवीस. प्लगना ठिणगी पुरवणारे मॅग्नेटो चार, आणि त्यांची दर पाचशे तासांनी उघडून तपासणी. अल्टरनेटर दोन, प्रोपेलरचे फेरे स्थिर ठेवणारे गव्हर्नर दोन. चाकं उचलायला एकच इलेक्ट्रिक मोटर, आणि ती रुसली तर पुढच्या सीटमागे हात घालून एक दांडा सुमारे पन्नास वेळा फिरवायचा. त्यात आणखी एक पेट्रोलवर चालणारा हीटर. एका इंजिनाच्या विमानात केबिन तापते ती एक्झॉस्टभोवतीच्या हवेनं. आमची इंजिनं लांब पंखांवर, म्हणून नाकात वेगळी भट्टी, विमानाच्याच टाकीतलं इंधन जाळणारी. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर पेट्रोलची ज्योत जळते आहे हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी बरेच दिवस थंडीतच उडत होतो. भट्टीच्या नळीला भेग पडली तर धूर केबिनमध्ये येईल. म्हणून तिच्यात ठरावीक काळानं हवेचा दाब भरून तो टिकतो का ते पाहतात. ती चाचणी मी चुकवत नाही.

एवढ्या सगळ्या भागांचा मालक झाल्यावर माणसाला एक रोग जडतो. सगळं उघडून बघावंसं वाटतं. काहीही बिघडलेलं नसताना, नुसत्या काळजीनं. मलाही जडला होता. त्यावरचं औषध विमानशास्त्रातून नाही, एका जीवशास्त्रज्ञाकडून मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची बाँबर विमानं पाणबुड्यांच्या मागावर असायची, आणि त्यांतली बरीचशी कायम दुरुस्तीत पडलेली असायची. त्याची कारणं शोधायला जी शास्त्रज्ञ मंडळी बसवली होती, त्यांत सी. एच. वॉडिंग्टन होते. मूळचे भ्रूणशास्त्रज्ञ, 'एपिजेनेटिक्स' ही संज्ञा रूढ करणारे. त्यांनी एक साधा आलेख काढला: दर पन्नास तासांनी होणाऱ्या ठरलेल्या तपासणीनंतर, किती तासांनी अचानक बिघाड होतात? कुणालाही वाटेल की तपासणीनंतर विमान ठणठणीत असेल आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे बिघाड वाढतील. आलेख उलटा निघाला. बिघाड सर्वाधिक तपासणीच्या लगेच नंतर, आणि मग हळूहळू कमी होत जाणारे. तपासणीच बिघाड घडवत होती. चांगलं बसलेलं काढायचं, परत बसवताना कुठे नळी पिळायची, कुठे बोल्ट सैल राहायचा. तपासण्यांमधलं अंतर वाढवलं, निरुपयोगी कामं वगळली, आणि त्याच विमानांचे उड्डाणाचे तास ६० टक्क्यांनी वाढले.

पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी लिहिलेल्या अहवालात हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. त्यांनी पाहिलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्के भाग वयानुसार झिजून बिघडणारे होते. ६८ टक्के भागांची बिघडण्याची शक्यता सर्वांत जास्त होती ती नवे बसवल्या बसवल्या. विमान कंपन्यांनी हे मनावर घेतलं. छोट्या विमानांच्या दुनियेत सेसना ३१० या दोन इंजिनांच्या विमानाचे मालक आणि मेकॅनिक माइक बुश वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत, आणि आजही अर्धी मंडळी त्यांच्यावर चिडतात.

चिडण्याचं कारण टीबीओ. म्हणजे दोन ओव्हरहॉलमधला, उत्पादकानं सुचवलेला काळ. कॉन्टिनेंटलच्या या घराण्यातल्या बऱ्याच इंजिनांना तो १७०० तास, किंवा बारा वर्षं. खासगी वापरात अनेक ठिकाणी ही शिफारस असते, सक्ती नसते. मग १७०१ व्या तासाला काय करायचं? इंजिन उतरवून, सुटं करून, नवे भाग घालून परत बांधायचं, म्हणजे ओळखीचं, सिद्ध झालेलं इंजिन मोडून एक अनोळखी इंजिन विकत घ्यायचं. आणि दोन इंजिनांच्या विमानात दोन्ही एकदम नवी करून आणणं, हे तर मला सरळसरळ आगाऊपणाचं वाटतं. अगदी बदलायचीच वेळ आली, तर एक बदलावं, ते रुळू द्यावं, मग दुसऱ्याला हात लावावा.

आमचं डावं इंजिन टीबीओ ओलांडून बरंच पुढे गेलं आहे. ते कशाच्या भरवशावर, हा प्रश्न रास्त आहे. भरवसा नाही, पाळत आहे. प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टर कापून घडी उलगडून उन्हात धरायची आणि धातूचे कण शोधायचे. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम, निकेल किती, यापेक्षा मागच्या वेळेपेक्षा किती, हे बघायचं. प्लगच्या भोकातून बोरोस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, घालून प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा फोटो काढायचा. सिलिंडरमध्ये ८० पौंडांचा दाब देऊन किती टिकतो ते मोजायचं, पण त्या आकड्यानं एकट्यानं घाबरायचं नाही. कॉन्टिनेंटलची स्वतःची पद्धत पाळली तर चालू शकणारी खालची मर्यादा चाळिशीतही निघते, आणि आज ५८ दाखवणारा सिलिंडर पुढच्या आठवड्यात ६८ दाखवतो.

एकदा मी मेकॅनिकला म्हटलं, "डाव्याचा एक सिलिंडर काढून आत बघून घेऊ या का?"

"कशासाठी? काय दिसलंय तुम्हाला?"

काहीच दिसलं नव्हतं. तो पुन्हा आपल्या कामाला लागला. सिलिंडर काढणं ही किरकोळ गोष्ट नाही, हे त्यानं मला नंतर बसवून समजावलं. सिलिंडर ज्या बोल्टांनी बसतो त्यांतले काही बोल्ट आरपार जाऊन क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य पेटीचे, दोन अर्धे एकमेकांवर दाबून धरतात, आणि त्या दाबानंच मुख्य बेअरिंगं जागी राहतात. परत बसवताना ताण नीट आला नाही, तर बेअरिंग सरकू शकतं, आणि पुढे इंजिन हवेत बंद पडू शकतं. म्हणजे ज्या भीतीपोटी उघडलं, तीच भीती हातानं आत ठेवून झाकण लावलं.

वार्षिक तपासणी मात्र टाळता येत नाही आणि टाळूही नये. तिच्यानंतरचं पहिलं उड्डाण आमच्याकडे दिवसा, निरभ्र आकाशात, एकट्यानं आणि विमानतळाच्या डोक्यावरच होतं. त्याआधी आवरणं उघडी ठेवून इंजिनं जमिनीवर चालवायची. अशाच एका वर्षी उजव्या इंजिनाखाली ताजा निळा डाग दिसला. इंधनाच्या नळीची एक जोडणी हातानं फिरवून ठेवली होती, पान्याचा शेवटचा पीळ द्यायचा राहिला होता. काम करणारी माणसं चांगली होती, चहाला उठली असतील किंवा फोन आला असेल. वॉडिंग्टनचा आलेख असा डोळ्यांसमोर ठिबकताना पाहिला की तो कायमचा पटतो.

तो डाग दिसला तो निळ्या रंगामुळे. या इंजिनांचं पेट्रोल, १०० एलएल, मुद्दाम निळं रंगवलेलं असतं. नाव 'लो लेड', पण लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं, आणि जास्त दाबाची ही इंजिनं ठोके न देता चालतात ती त्या शिशाच्या जिवावर. २०२२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं जी१००यूएल या शिसेविरहित इंधनाला ठिणगीवर चालणाऱ्या सगळ्या विमान इंजिनांसाठी मान्यता दिली. २०३० पर्यंत शिसं हटवायचं तिथलं उद्दिष्ट आहे. व्हायलाच हवं. पण मला झोप उडवणारी भेसळ वेगळी आहे: टाकीत चुकून जेट इंधन पडणं. टर्बोचार्ज्ड, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या, पिस्टन विमानांवर पूर्वी मोठ्या दिमाखात 'टर्बो' असं लिहिलेलं असायचं, आणि इंधन भरणाऱ्याला ते जेट इंधनावर चालणारं टर्बाइन वाटायचं. काही मालकांनी ती अक्षरंच काढून टाकली. अशा मिश्रणावर इंजिन सुरू होतं, टॅक्सी करतं, कधी उड्डाणही करतं, आणि मग दोन्ही इंजिनं पाठोपाठ बसतात. इथे दुसऱ्या इंजिनाचा उपयोग शून्य. मिश्रण निळसरही दिसू शकतं, म्हणून पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकावा. पेट्रोल उडून जातं, जेट इंधन तेलकट कडं ठेवून जातं. भरताना स्वतः उभं राहणं हा त्याहून चांगला उपाय.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर थोडं इंधन आणि हवेच्या मिश्रणाबद्दल, कारण या विमानात मी सर्वांत जास्त शिकलो ते तिथे. उंचीवर स्थिरावल्यावर मिश्रण पातळ करत जाताना एक्झॉस्टचं तापमान वाढत शिखराला पोहोचतं आणि मग उतरतं. शिखराच्या जरा आधी, दाट बाजूला सुमारे २८ अंश सेल्सिअसवर, सिलिंडर सर्वांत जास्त तापतो. शिखराच्या पलीकडे, पातळ बाजूला, ज्वलन मंदावतं, आतला दाब उशिरा आणि कमी उठतो, सिलिंडरांची डोकी थंड राहतात. तिथे इंजिन चालवलं तर ताकद फक्त इंधनावर ठरते. आमच्या इंजिनासाठी तासाला जितके गॅलन, त्याला १४.९ नं गुणायचं. १३ गॅलन म्हणजे सुमारे १९४ अश्वशक्ती, ३०० च्या ६५ टक्के. अडचण एवढीच की कारखान्यातून आलेली इंजेक्टर सहाही सिलिंडरांना सारखं मिश्रण देत नाहीत, आणि मग पातळ बाजूला इंजिन खडखडतं. ओक्लाहोमातल्या 'गॅमी' या कंपनीनं जुळवलेले इंजेक्टर विकायला सुरुवात केल्यावर ही वाट सगळ्यांना खुली झाली. वाट मात्र जुनी आहे. १९४४ मध्ये चार्ल्स लिंडबर्ग पॅसिफिकच्या आघाडीवर जाऊन पी-३८ या लढाऊ विमानाच्या वैमानिकांना फेरे कमी, मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब जास्त आणि मिश्रण पातळ ठेवायला शिकवत होते. इंजिनं जळतील म्हणून वैमानिक आधी बिचकले. मग त्याच टाक्यांवर शेकडो मैल जास्त जाऊन परत येऊ लागले.

हे सगळं जमून आल्यावर उरतो तो आवाज. दोन प्रोपेलरांचे फेरे किंचित जरी वेगळे असले तरी केबिनमध्ये एक घुमारा येतो, वूं... वूं... वूं, चढणारा आणि उतरणारा. एक २४०० वर आणि दुसरा २३९० वर असेल, तर तीन पात्यांच्या प्रोपेलरांत दर दोन सेकंदांनी एक हेलकावा. काही विमानांत जुळवणारं यंत्र असतं, आमच्याही आहे, पण मी ते बंद ठेवून हातानं जुळवतो. लिव्हर केसभर पुढे केला की हेलकावे लांबत जातात, चार सेकंद, आठ सेकंद, आणि मग एका ठिकाणी दोन्ही आवाज एकमेकांत विरघळतात. मागे बसलेल्याला काय झालं ते सांगता येत नाही, पण तो खांदे सैल सोडतो. आणि जुळवलेला आवाज आपण काही न करता पुन्हा सुटू लागला, तर कुठल्यातरी गव्हर्नरकडे लक्ष द्यायची वेळ आली आहे, हेही त्यातूनच कळतं.

एअरोस्टार घ्यायची माझी फार इच्छा होती, हे इथे कबूल करून टाकतो. टेड स्मिथनं रचलेलं ते दोन इंजिनांचं विमान जमिनीवर उभं असतानाही पळताना दिसतं. पंख धडाच्या मधोमध, शेपटीचे आडवे आणि उभे भाग एकमेकांच्या जागी बसतील असे, आणि उंचावर टर्बोचार्ज्ड मॉडेलांचा वेग २२० नॉटच्या पुढे. पायपरनं १९८४ मध्ये बनवणं थांबवलं. सेसना ३१० त्याआधीच, १९८० मध्ये थांबलं होतं. या जातीची बहुतेक विमानं आता चाळिशी उलटलेली आहेत, आणि टर्बोचार्जरवाल्यांचं दुखणं उष्णतेचं. लालबुंद एक्झॉस्ट, तो धरून ठेवणारे क्लॅम्प, आणि जवळूनच जाणाऱ्या इंधनाच्या नळ्या. सेसनाच्या टर्बोचार्ज्ड ३०० आणि ४०० मालिकेतल्या विमानांच्या एक्झॉस्टवर सक्तीच्या तपासण्या आल्या त्या उगाच नाहीत. तिथे 'हात लावू नका' हे माझं तत्त्व चालत नाही. एक्झॉस्ट, क्लॅम्प, इंधनाच्या नळ्या, पंखाचा स्पार, म्हणजे त्याचा कणा: यांची लक्षणं दिसेपर्यंत थांबायचं नसतं, कारण पहिलं लक्षण म्हणजेच आग, किंवा तुटलेला पंख. कुठल्या भागाची वाट बघायची आणि कुठल्याची नाही, यावर आम्हा भागीदारांत जेवढे वाद झाले तेवढे खर्चाच्या वाटणीवरूनही झाले नाहीत. आमच्या इंजिनांना टर्बो नाही, त्यामुळे वाद जरा सौम्य असतात.

सध्याचा वाद उजव्या इंजिनाच्या तीन नंबरच्या सिलिंडरचा आहे. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर साठलेल्या थराची वर्तुळं मध्याभोवती सारखी दिसतात. याची एका बाजूला कलली आहेत. कडेला हिरवी छटा अजून नाही, म्हणजे जळायला लागलेला नाही, पण एका बाजूला जास्त तापतो आहे. दाबाचा आकडा चांगला, ऑइलच्या अहवालात काही नाही. एक भागीदार म्हणतो, आत्ताच सिलिंडर काढा. मेकॅनिक म्हणतो, सिलिंडर जागेवरच ठेवून व्हॉल्व्हच्या कडेला घासणीची पेस्ट लावू, ड्रिलनं फिरवून बैठक साफ करू, आणि थोडे तास उडवून पुन्हा फोटो काढू. मी मेकॅनिकच्या बाजूनं मत दिलं आणि आम्ही दोन विरुद्ध एकनं जिंकलो. घासून झालं आहे, पुढचा फोटो पुढच्या ऑइल बदलाला. वर्तुळं सरळ झाली असतील तर सिलिंडर राहील, नसतील तर निघेल. हरलेल्या भागीदारानं बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क रेंच मात्र आत्ताच कॅलिब्रेट करून आणून ठेवला आहे.